डॉ. पॉल हॅरिंग्टन : पोलाद आणि हाड यांची शर्यत

पाठीचा कणा बाजूला वाकलेला एखादा अठरा-वीस वर्षांचा तरुण किंवा तरुणी आज शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होते, तेव्हा घरच्यांच्या मनात धास्ती असली तरी डॉक्टरांच्या बोलण्यात बराच विश्वास असतो. मणक्यांमध्ये स्क्रू बसवून, त्यांना सळयांनी जोडून कणा शक्य तितका सरळ केला जातो. एक-दोन दिवसांत रुग्णाला आधाराने उभे केले जाते आणि आठवड्याभरात बहुतेकांना घरी सोडण्यात येते. या विश्वासाची किंमत ज्याने सर्वप्रथम मोजली, तो अस्थिशल्यविशारद म्हणजे अमेरिकेतील डॉ. पॉल रँडल हॅरिंग्टन. वाकडा कणा धातूच्या साहाय्याने शरीराच्या आतूनच सरळ करता येतो आणि त्याच स्थितीत धरून ठेवता येतो, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. मात्र त्यांची कहाणी ही सरळसोट यशाची कहाणी नव्हे. तुटलेल्या सळया, निसटलेले आकडे आणि पुन्हा उघडाव्या लागलेल्या पाठी यांनी तिची पहिली पाने भरलेली आहेत. ही पाने हॅरिंग्टन यांनी लपवली नाहीत, यातच त्यांचे खरे मोठेपण आहे.

वैद्यकशास्त्रात या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. निरोगी माणसाचा कणा पाठीमागून पाहिला तर सरळ रेषेत दिसतो. स्कोलिओसिसमध्ये तो एका बाजूला कमानीसारखा झुकतो आणि झुकताना स्वतःभोवती पिळला जातो. या पिळामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे उचलल्या जातात, खांदे वर-खाली होतात, कंबर एका अंगाला दबते. बाकाची तीव्रता अंशांत मोजण्याची जी पद्धत आजही वापरली जाते, ती न्यूयॉर्कचे डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. दहा अंशांपेक्षा जास्त बाक म्हणजे स्कोलिओसिस, असे सर्वसाधारण मानले जाते. शरीराची वाढ चालू असेपर्यंत विशिष्ट पट्टा बांधून बाक वाढण्यापासून रोखता येतो. वाढ पूर्ण झाल्यावर पट्ट्याचा हा उपयोग संपतो. तीस अंशांच्या आतले बाक पुढे आयुष्यभर फारसे वाढत नाहीत. पन्नासच्या पुढे गेलेला छातीच्या भागातील बाक मात्र प्रौढ वयातही वर्षाला सुमारे एक अंश या गतीने वाढत राहण्याची शक्यता असते. म्हणजे विसाव्या वर्षी पन्नास अंशांचा बाक असलेली मुलगी चाळिशीत पोहोचेपर्यंत सत्तरच्या घरात जाऊ शकते. बाक त्याहूनही वाढला की फुप्फुसांना जागा अपुरी पडू लागते. म्हणूनच शस्त्रक्रियेचा प्रश्न नेमका तारुण्याच्या उंबरठ्यावर उभा राहतो. त्या वयात वेदना फारशी नसते, पण पुढची चाळीस-पन्नास वर्षे समोर असतात.

हा बाक सरळ करण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. प्राचीन ग्रीसमधील हिपोक्रेटसच्या परंपरेत रुग्णाला फळीवर बांधून दोन्हीकडून ताण देण्याचे उपाय होते. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आम्ब्रोझ पारे यांनी लोखंडी चिलखतासारखे कवच करून घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसच्या ज्यूल गेरँ यांनी पाठीचे स्नायू आणि त्यांचे दोर कापून कणा सरळ होतो असा दावा केला. त्यांच्या रुग्णांना तपासून जोसेफ माल्गेन या शल्यविशारदाने त्या दाव्याला जाहीर आव्हान दिले, तेव्हा प्रकरण बदनामीच्या खटल्यापर्यंत गेले आणि निकाल माल्गेन यांच्या बाजूने लागला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे पुढे काय झाले, हे तटस्थपणे मोजलेच पाहिजे, हा धडा त्या वादातून मिळाला. तो सर्वांनीच गिरवला असे मात्र नाही.

पुढचे महत्त्वाचे पाऊल न्यूयॉर्कच्या रसेल हिब्ज यांनी टाकले. क्षयाने पोखरलेल्या मणक्यांसाठी त्यांनी १९११ मध्ये मणके एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. मणक्यांच्या मागच्या भागातील छोटे सांधे खरवडून, हाडाचे पापुद्रे उलटवून एक मणका दुसऱ्याशी सांधायचा आणि सगळे मिळून एकच अखंड हाड होऊ द्यायचे, ही त्यातील कल्पना. १९१४ मध्ये त्यांनी ती स्कोलिओसिससाठी वापरली आणि १९२४ मध्ये अशा ५९ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अडचण अशी की हाड जुळून येईपर्यंत कणा सरळ धरून ठेवायला शरीराच्या बाहेरच्या प्लॅस्टरशिवाय दुसरे काहीच नव्हते. रुग्ण महिनोन् महिने प्लॅस्टरच्या साच्यात अंथरुणावर पडून राही. एवढे करूनही अनेकांमध्ये हाड नीट सांधत नसे आणि मिळवलेला सरळपणा हळूहळू निघून जाई. १९४१ मध्ये अमेरिकन अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने सव्वाचारशे रुग्णांचा आढावा घेतला. व्यायाम आणि पट्टे यांनी बहुसंख्यांचा बाक रोखलेला नव्हता आणि शस्त्रक्रियेचे फळही निराश करणारे होते. हॅरिंग्टन या क्षेत्रात उतरले, तेव्हा परिस्थिती अशी होती.

पॉल हॅरिंग्टन यांचा जन्म १९११ साली कॅन्सस राज्यातील कॅन्सस सिटी येथे झाला. हिब्ज यांनी मणके सांधण्याची शस्त्रक्रिया सुरू केली तेच हे वर्ष, हा निव्वळ योगायोग. उंच, काटक शरीरयष्टीच्या या तरुणाची पहिली ओळख डॉक्टर म्हणून नव्हे, तर बास्केटबॉलपटू म्हणून झाली. कॅन्सस विद्यापीठ हे त्या काळी या खेळाचे माहेरघर होते. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ याच विद्यापीठात होते आणि त्यांचे शिष्य ‘फॉग’ अॅलन तेथील संघाचे प्रशिक्षक होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी हॅरिंग्टन या संघातून खेळले. पुढे त्यांनी त्याच विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली आणि अस्थिशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण कॅन्सस सिटीतच पूर्ण केले.

प्रशिक्षण संपते न संपते तोच अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. कॅन्सस विद्यापीठाच्या डॉक्टर-परिचारिकांनी मिळून बनलेल्या ७७ व्या इव्हॅक्युएशन हॉस्पिटलमध्ये हॅरिंग्टन दाखल झाले. हे फिरते लष्करी रुग्णालय आघाडीमागोमाग उत्तर आफ्रिकेत आणि नंतर युरोपात गेले. तंबूंत उभारलेल्या शस्त्रक्रियागृहात, अपुऱ्या साधनांनिशी, चिरडलेली हाडे आणि फाटलेले सांधे यांच्यावर रात्रंदिवस काम करावे लागे. हाताशी असेल त्या साधनाने अवयव वाचवायचा आणि ते साधन नसेल तर तयार करायचे, ही सवय अशा ठिकाणी आपोआप अंगी बाणते. १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर हॅरिंग्टन टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात आले आणि तेथेच त्यांनी व्यवसाय सुरू केला.

ह्यूस्टन तेव्हा झपाट्याने वाढत होते. बेलर वैद्यकीय महाविद्यालय १९४३ मध्ये डॅलस सोडून या शहरात आले होते. गोरगरिबांसाठी जेफरसन डेव्हिस हे सार्वजनिक रुग्णालय होते. आणि शहरावर पोलिओचे सावट होते. उन्हाळा आला की पोहण्याचे तलाव बंद होत, आई-वडील मुलांना घराबाहेर पाठवायला धजत नसत. १९५२ मध्ये तर अमेरिकेत या रोगाचे सुमारे ५८ हजार रुग्ण नोंदले गेले आणि तीन हजारांहून अधिक जण दगावले. जेफरसन डेव्हिस रुग्णालयात श्वास बंद पडलेल्या पोलिओग्रस्तांसाठी खास केंद्र उभारण्यात आले होते. लोखंडी फुप्फुस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नळकांड्यांच्या रांगांमध्ये मुले आणि तरुण महिनेच्या महिने पडून असत.

रोगाच्या तडाख्यातून जी मुले वाचत, त्यांच्यापुढे दुसरेच संकट उभे राही. कण्याला दोन्ही बाजूंनी तोलून धरणारे स्नायू लुळे पडलेले असत. एका बाजूचे थोडे सशक्त, दुसऱ्या बाजूचे निकामी. त्यामुळे मूल वाढू लागले की कणा एका अंगाला कोसळू लागे, दोर तुटलेल्या तंबूचा खांब कलावा तसा. जुना उपाय प्लॅस्टरचा. पण ज्यांना श्वास घेण्यासाठीच झगडावे लागत होते, त्यांच्या छातीभोवती घट्ट प्लॅस्टर आवळणे म्हणजे उरलासुरला श्वासही कोंडणे. काही केले नाही तर वाढत्या बाकाने फुप्फुसे दबणार आणि प्लॅस्टर केले तर प्लॅस्टरने दबणार, अशी ही कोंडी होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही मुले हॅरिंग्टन यांच्या हाती आली. बाहेरून आधार देणे अशक्य असेल तर तो आतून दिला पाहिजे, या निष्कर्षाला ते येथेच पोहोचले.

त्यांचा पहिला प्रयत्न साधा होता. मणक्यांच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान सांध्यांमध्ये स्क्रू बसवून, हाताने शक्य तितका सरळ केलेला कणा तसाच खिळवून टाकायचा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर कणा सरळ दिसे, पण हा सरळपणा टिकत नसे. तेव्हा हॅरिंग्टन यांनी आकडा आणि सळई यांची जोडी आणली. कमानीच्या आतल्या बाजूला वरच्या टोकाच्या मणक्यात एक आकडा आणि खालच्या टोकाच्या मणक्यात दुसरा आकडा अडकवायचा. दोन्हींच्या मधून स्टेनलेस स्टीलची सळई घालायची. सळईच्या वरच्या भागाला खाचा असत आणि आकडा एकेक खाच वर सरकवत नेला की दोन टोके एकमेकांपासून दूर ढकलली जात. चाक बदलताना जॅकने मोटार एकेक घर वर उचलावी, तसाच हा प्रकार. कमानीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूला दुसरी सळई बसवून तेथील मणके एकमेकांजवळ आवळले जात. एकीकडे ताण आणि दुसरीकडे दाब अशा दुहेरी बळाने बाक उलगडू लागे.

या टप्प्यावर हॅरिंग्टन यांच्या मनात एक मोठी आकांक्षा होती. मणके सांधून टाकले की कण्याच्या तेवढ्या भागाची हालचाल कायमची संपते. तसे न करता केवळ सळयांच्या आधाराने कणा सरळ राहिला तर रुग्णाला वाकता येईल, वळता येईल आणि लहान मुलांची उंचीही वाढत राहील, असे त्यांना वाटत होते. म्हणून सुरुवातीच्या रुग्णांमध्ये त्यांनी मणके सांधण्याची शस्त्रक्रिया केलीच नाही. कण्याची लवचीकता राखून त्याचा बाक दूर करायचा, हे त्यांचे स्वप्न होते.

ते स्वप्न धातूने मोडले. माणूस चालतो, बसतो, श्वास घेतो तेव्हा कणा सतत सूक्ष्म हालचाल करीत असतो. तारेचा तुकडा पुन्हा पुन्हा वाकवला की तो अखेर तुटतो, तशी पोलादाची सळईही हजारो-लाखो वेळा सूक्ष्मपणे वाकून थकते आणि एके दिवशी मोडते. काही रुग्णांमध्ये सळया मोडल्या, काहींमध्ये आकडे हाड फाडून निसटले. सरळ झालेला कणा पुन्हा वाकला आणि ज्यांना एकदा टेबलावर घेतले होते त्यांना दुसऱ्यांदा, कधी त्याहूनही अधिक वेळा घ्यावे लागले. प्रत्येक मोडलेल्या सळईमागे वेदनेने परत आलेले एक मूल होते. हॅरिंग्टन यांनी क्ष-किरण चित्रे मांडून प्रत्येक रुग्णाचे अंश मोजले, कोठे काय निसटले ते नोंदवले, आकड्याचा आकार आणि सळईची घडण वारंवार बदलली. पूर्ण खात्री होईपर्यंत ही साधने सरसकट सगळ्यांच्या हाती देण्याची घाई त्यांनी केली नाही.

या हिशेबातून जे उत्तर आले, ते त्यांच्या मूळ आकांक्षेच्या विरुद्ध होते. धातू कण्याला सरळ करू शकतो, पण कायमचा धरून ठेवू शकत नाही. धरून ठेवण्याचे काम हाडालाच करावे लागते. म्हणजे सळई बसवतानाच हिब्ज यांच्या पद्धतीने मणके सांधायचे, कमरेच्या हाडातून घेतलेले तुकडे त्यांच्यावर पसरायचे आणि हाड जुळून येईपर्यंत सळईने राखणदारी करायची. यातून पोलाद आणि हाड यांची शर्यत सुरू होते. सळई थकून मोडण्याआधी हाड जुळले तर रुग्ण जिंकला. हाड जुळले नाही तर सळई आज ना उद्या मोडणारच. कण्यावरील धातूच्या शस्त्रक्रियांचे हे मूलतत्त्व आजही बदललेले नाही. ते स्वीकारताना हॅरिंग्टन यांना लवचीक कण्याच्या आशेवर पाणी सोडावे लागले. स्वतःच्या कल्पनेपेक्षा स्वतःच्या नोंदींवर त्यांनी अधिक विश्वास ठेवला.

सहव्यावसायिकांचा विश्वास मिळवणे त्याहून अवघड होते. कण्याच्या इतक्या लांब भागात धातू बसवायचा, तोही मज्जारज्जूला खेटून, ही कल्पना अनेकांना दुःसाहस वाटली. स्कोलिओसिसच्या क्षेत्रात तेव्हा मिनेसोटाच्या डॉ. जॉन मो यांचा शब्द वजनदार होता. मणके काटेकोरपणे सांधण्यात त्यांचा हातखंडा होता आणि नव्या साधनाकडे तेही आरंभी साशंकतेनेच पाहत होते. पण त्यांनी ते स्वतः वापरून पाहिले, आपल्या पद्धतीच्या सांधणीशी त्याची जोड घातली आणि त्यांचे मत बदलले. सळईने मिळणारा सरळपणा आणि सांधणीने मिळणारी शाश्वती यांचा हा मेळ होता. १९६२ मध्ये अस्थिशल्यचिकित्सेच्या अग्रगण्य अमेरिकन नियतकालिकात हॅरिंग्टन यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सव्वाशेहून अधिक रुग्णांचा अनुभव त्यात होता आणि यशाबरोबर गुंतागुंतींचीही नोंद होती. १९६६ मध्ये स्कोलिओसिसच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष डॉ. मो झाले. त्यानंतरची सुमारे दोन दशके कण्याच्या बाकावर शस्त्रक्रिया म्हणजे हॅरिंग्टन यांची सळई, असे समीकरण जगभर रूढ झाले.

मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली होती. ज्या रोगामुळे या सळईचा जन्म झाला, तो रोगच अमेरिकेतून हटू लागला होता. जोनास साल्क यांची पोलिओची लस परिणामकारक असल्याचे एप्रिल १९५५ मध्ये जाहीर झाले आणि काही वर्षांतच पोलिओचे वॉर्ड रिकामे होत गेले. सळई मात्र निरुपयोगी ठरली नाही. अन्य काहीही आजार नसताना, ऐन वयात येताना, ज्यांचा कणा अज्ञात कारणाने वाकू लागतो अशा मुलामुलींची संख्या पोलिओग्रस्तांपेक्षा कितीतरी मोठी होती. शंभरात दोन-तीन किशोरवयीनांमध्ये असा लहानसा बाक आढळतो. तो मोठा होऊन शस्त्रक्रियेपर्यंत जाण्याचे प्रमाण त्यातल्या त्यात थोडे, आणि त्यात मुलींची संख्या मुलांपेक्षा बरीच अधिक. हॅरिंग्टन यांचे साधन आता या रुग्णांसाठी वापरले जाऊ लागले.

१९६० आणि ७० च्या दशकांत एखाद्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीसाठी ही शस्त्रक्रिया म्हणजे आयुष्यातले जवळजवळ एक वर्ष देऊन टाकणे होते. या वयापर्यंत कणा लहान मुलासारखा लवचीक राहिलेला नसे, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी अनेकदा ताण देऊन किंवा प्लॅस्टर करून तो सैल करून घेतला जाई. टेबलावर रुग्णाला पालथे निजवून पाठीच्या मधोमध लांब छेद घेतला जाई. स्नायू दोन्ही बाजूंना सोलून मणक्यांचे मागचे भाग उघडे केले जात. वरचा आकडा छातीच्या भागातील सांध्यात, खालचा कमरेच्या मणक्याच्या कमानीखाली. सांधण्याचे मणके नेमके कोठून कोठपर्यंत घ्यायचे यासाठी हॅरिंग्टन यांनी नियम घालून दिले होते. कंबरेच्या तळाशी असलेल्या सांध्यांपासून सरळ वर दोन समांतर रेषा ओढायच्या आणि खालचा आकडा त्या पट्ट्याच्या आतच पडेल असे पाहायचे. बाकाचे अंश आणि त्यात सापडलेल्या मणक्यांची संख्या यांचा भागाकार करून बाकाच्या तीव्रतेचा अंदाज बांधण्याची त्यांची रीतही प्रसिद्ध होती. मग खाच-खाच करीत ताण दिला जाई, सांधे खरवडून हाडाचे तुकडे पसरले जात आणि पाठ शिवली जाई. बाक साधारणपणे निम्म्यापर्यंत कमी होई आणि रुग्णाची उंची टेबलावरच काही सेंटीमीटरने वाढे. त्यानंतर अंथरुणावरची विश्रांती आणि मग अनेक महिने धडभर प्लॅस्टर. शिक्षण, नोकरी, लग्न यांचे बेत पुढे ढकलले जात. तरीही आरशात सरळ खांदे पाहण्याची आणि उतारवयात धाप न लागण्याची शक्यता अनेकींना ही किंमत मोजण्याजोगी वाटे.

सर्वांत मोठी भीती मज्जारज्जूची होती. कणा ताणला की त्याच्या आतून जाणारा मज्जारज्जू आणि त्याच्या रक्तवाहिन्याही ताणल्या जातात. ताण प्रमाणाबाहेर गेला तर चालत आलेली मुलगी लुळ्या पायांनी जागी होण्याचा धोका असे. १९७५ मध्ये स्कोलिओसिस संस्थेने अनेक शल्यविशारदांकडून गोळा केलेल्या माहितीत अशा इजेचे प्रमाण शेकडा एकाहून कमी आढळले. पण ज्या घरात ती घडे, तेथे टक्केवारीला अर्थ उरत नसे. यावर एक धीट उपाय फ्रान्समधील लिऑनचे पिएर स्टान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. सळई बसवून झाली की भूल थोडी हलकी करायची, अर्धवट जागृतीतल्या रुग्णाला हात आणि मग पाय हलवायला सांगायचे. पाय हलले तर पुन्हा गाढ भूल देऊन काम पूर्ण करायचे, न हलले तर तत्काळ ताण कमी करायचा. पुढे मज्जारज्जूतील विद्युत संदेशांवर सतत नजर ठेवणारी यंत्रे आली आणि हा धोका आणखी खाली आला.

हॅरिंग्टन ह्यूस्टनमध्येच राहिले. देशोदेशीचे शल्यविशारद त्यांच्याकडे शिकायला येत. सळयांचा उपयोग केवळ बाकापुरता राहिला नाही. अपघातात मोडलेल्या मणक्यांना जागेवर आणून स्थिर करण्यासाठीही त्या वापरल्या जाऊ लागल्या आणि या कामातही हॅरिंग्टन व त्यांचे ह्यूस्टनमधील सहकारी अग्रभागी होते. १९८० मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या सळईला जगात पर्याय जवळपास नव्हता.

पण हिशेब पूर्ण झालेला नव्हता. सळई सरळ होती आणि माणसाचा कणा बाजूने पाहिल्यास सरळ नसतो. कमरेपाशी तो आत वळतो, छातीपाशी बाहेर येतो आणि या वळणांमुळेच माणूस कमी श्रमात ताठ उभा राहू शकतो. हॅरिंग्टन यांच्या सळईने बाजूचा बाक कमी करताना कमरेचे हे नैसर्गिक वळणही ताणून सपाट होई. सांधणी कमरेच्या खालच्या मणक्यांपर्यंत गेलेली असली की हा दोष अधिक जाणवे. विशीत याचा त्रास होत नसे. पण तिशी-चाळिशी उलटली, खालचे मोकळे मणके झिजू लागले की रुग्ण पुढे झुकू लागे, गुडघे वाकवल्याशिवाय त्याला सरळ उभे राहता येत नसे, पाठ सतत दुखत राही. सपाट पाठ या नावाने ओळखल्या गेलेल्या या विकाराची नोंद १९७० च्या दशकापासूनच होऊ लागली होती. काहींना तर सांधलेले हाड पुन्हा कापून कमरेचे वळण घडवून देण्याची मोठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पुष्कळ जणांनी मात्र याच सळया अंगात घेऊन संसार केले, मुले वाढवली, नोकऱ्या केल्या. एकाच साधनाच्या नावावर ही दोन्ही प्रकारची आयुष्ये जमा आहेत.

पुढच्या पिढीने सुधारणा केल्या त्या या उणिवा ओळखूनच. मेक्सिकोचे एदुआर्दो लुके यांनी १९७० च्या दशकात प्रत्येक मणका तारेने सळईला बांधण्याची पद्धत आणली. उष्ण हवेत गरीब रुग्णांना प्लॅस्टरमध्ये डांबून ठेवणे टाळावे, हा त्यामागचा एक हेतू होता. १९८० च्या दशकात फ्रान्सच्या इव्ह कोत्रेल आणि जाँ द्युबुसे यांनी वळण दिलेल्या दोन सळया आणि अनेक आकडे यांच्या साहाय्याने कण्याचा विचार तिन्ही मितींत केला. १९९५ मध्ये दक्षिण कोरियाच्या से-इल सुक यांनी छातीच्या मणक्यांतही स्क्रू बसवून मिळालेले परिणाम प्रसिद्ध केले आणि तीच पद्धत हळूहळू सर्वत्र रुळली. प्लॅस्टर गेले, महिन्यांची विश्रांती दिवसांवर आली. १९९० च्या दशकात हॅरिंग्टन यांची मूळ सळई शस्त्रक्रियागृहातून जवळजवळ नाहीशी झाली.

त्यांचे मोडलेले स्वप्न मात्र कोणी विसरलेले नाही. मणके न सांधता, कण्याची हालचाल राखून बाक कमी करायचा, यासाठी मणक्यांच्या पुढच्या बाजूला लवचीक दोर बसवण्याच्या पद्धतीला अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१९ मध्ये मर्यादित मान्यता दिली. ती वाढत्या वयातील मुलांसाठी आहे. या दोरांच्या बाबतीत शल्यविशारदांना सर्वाधिक भेडसावणारी अडचण म्हणजे काही रुग्णांमध्ये दोर कालांतराने तुटतो. ह्यूस्टनच्या वॉर्डात सत्तर वर्षांपूर्वी हॅरिंग्टन ज्या प्रश्नाशी झुंजले, तोच प्रश्न नव्या रूपात परत आला आहे. वाढ पूर्ण झालेल्या, मोठा बाक असलेल्या तरुणासाठी आजही मुख्य मार्ग सांधणीचाच आहे, आणि धातू कितीही चांगला असला तरी अखेरची शर्यत हाडानेच जिंकायची असते.